वरातीमागून स्क्रीनशॉट

तुमच्या घरात गेम खेळणारं कुणी असेल, तर त्याच्या फोनची गॅलरी एकदा बघा. परवानगी घेऊन बघा, नाहीतर घरात वेगळीच लढाई सुरू होईल. त्यात शेकड्यांनी स्क्रीनशॉट सापडतील आणि त्यातले निम्मे साधारण असे असतील : गाडी हवेत उडाली होती, पण फोटोत नुसता धूर आहे. षटकार मारला होता, पण फोटोत फलंदाज बॅट काखेत धरून उभा आहे. हिरोने दरीवरून झेप घेतली होती, पण फोटोत तो पलीकडे पोचून आरामात चालतोय. खेळणाऱ्याला विचाराल तर तो कळवळून सांगेल, "काय भारी झालं होतं माहितीये! फोटोत नाही आलं."

आपल्या भाषेत याला आधीपासून नाव आहे. वरातीमागून घोडं.

मी २५ वर्षांची, इंदूरची. बीए इंग्लिश केलं आणि आता घरूनच कंटेंट रायटिंग करते. दिवसभर "पावसाळ्यात केसांची काळजी कशी घ्याल" असलं काहीबाही लिहायचं आणि रात्री जेवणं आटोपली की धाकट्या भावाच्या शेजारी बसून तो गेम खेळताना बघायचं, हा माझा दिनक्रम. गेल्या दोन वर्षांत या बघण्याला एक उद्योग जोडला गेलाय. आम्ही गेममधल्या धावपळीचे, उड्यांचे, मारामारीचे चांगले फोटो काढायला शिकतोय. 'आम्ही' म्हणजे मी, भाऊ आणि बाबा. बाबा यात कसे आले ते सांगतेच. त्याआधी हा उशीर नेमका कुठे होतो, ते बघू.

उशीर कुठे होतो?

पडद्यावर गेम चालतो म्हणजे खरं तर एकामागून एक चित्रं बदलत असतात. बऱ्याच गेममध्ये सेकंदाला ६०, काहींमध्ये ३०. ६० धरली तर एक चित्र पडद्यावर जेमतेम १७ मिलिसेकंद टिकतं.

आता आपल्या बाजूचा हिशोब मांडा. डोळ्यांना काहीतरी दिसलं, मेंदूला कळलं आणि बोट हललं, एवढ्यात साधारण २०० ते २५० मिलिसेकंद जातात. म्हणजे तुम्ही "वा!" म्हणून बटण दाबेपर्यंत १२ ते १५ चित्रं निघून गेलेली असतात. त्यात अँड्रॉइड फोन असेल तर पॉवर आणि व्हॉल्यूम कमी करायचं अशी दोन बटणं एकदम दाबायची, आणि ती दाबायला खेळणाऱ्या हाताची पकड सोडायची. बसमधून उतरून, रस्ता ओलांडून, परत त्याच बसला हात करण्यासारखं आहे हे.

भावाकडे माझ्या पहिल्या बोनसमधून घेतलेला सेकंडहँड पीएस४ आहे. त्याच्या कंट्रोलरवर फोटोसाठी 'शेअर' नावाचं वेगळं बटण असतं. पण त्यातही गंमत आहे. मूळ सेटिंगमध्ये ते बटण दाबलं की मेनू उघडतो आणि स्क्रीनशॉटसाठी ते थोडा वेळ दाबून धरावं लागतं. तेवढ्यात दरी, झेप, सगळं संपलेलं असतं. सेटिंगमध्ये जाऊन 'इझी स्क्रीनशॉट' चालू केलं की एका दाबात फोटो निघतो. तुमच्या घरी पीएस४ असेल तर सगळ्यात आधी हे करा.

तरीही ते १२-१५ चित्रांचं अंतर उरतंच. त्यावर दोन उपाय आहेत. एक, घडायच्या आधी ओळखा. दुसरा, सगळंच रेकॉर्ड करा आणि नंतर निवडा. पहिला उपाय आम्हाला बाबांनी शिकवला.

पेपरमागून आलेला आवाज

बाबांचा इंदुरात छोटा फोटो स्टुडिओ होता. लग्नं, मुंजी, पासपोर्ट फोटो हे पोटापाण्याचं काम. पण त्यांचा जीव होता खेळाच्या मैदानावर. एका हिंदी वर्तमानपत्राला ते कबड्डीचे, कुस्तीचे, क्रिकेटचे फोटो द्यायचे. पैसे फारसे नव्हते, पण दुसऱ्या दिवशी फोटोखाली नाव छापून यायचं. आईने ती सगळी कात्रणं एका जुन्या साडीच्या खोक्यात ठेवली आहेत.

चारेक वर्षांपूर्वी त्यांचे हात थरथरायला लागले. चहाचा कप बशीत ठेवताना किणकिण आवाज यायचा. आम्ही घाबरलो होतो. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की हा पार्किन्सन नाही, याला इसेन्शियल ट्रेमर म्हणतात. हात मांडीवर ठेवला की शांत असतो, काही धरायला, लिहायला गेलं की थरथरतो. औषधाने फरक पडला, पण पूर्ण गेलं नाही.

आम्ही त्यांना ट्रायपॉड सुचवला. हल्लीचे कॅमेरे हाताची थरथर बरीच सांभाळून घेतात, हेही सांगितलं. बाबा म्हणाले, "फोटो हलत नाही गं, तो सांभाळता येतो. पण नवरा-नवरी कॅमेऱ्याकडे बघायचं सोडून माझ्या हाताकडे बघतात." त्यानंतर वर्षभरात स्टुडिओची जागा भाड्याने दिली. आता तिथे मोबाईलची कव्हरं विकतात. कॅमेरे कपाटात गेले आणि बाबा पुढच्या खोलीत पेपर घेऊन बसायला लागले. तोच पेपर, दोन-दोन तास.

त्या खोलीतच टीव्ही आहे आणि टीव्हीला भावाचा पीएस४. तो तेव्हा 'अनचार्टेड : द लॉस्ट लेगसी' खेळत होता. हा २०१७ सालचा गेम भारतात घडतो. क्लोई फ्रेझर नावाची नायिका पश्चिम घाटात होयसळांच्या काळातले अवशेष धुंडाळत, गणपतीचा एक दात शोधत फिरते. अर्थात हा घाट गेमवाल्यांच्या कल्पनेतला आहे. खऱ्या सह्याद्रीत कुणी एवढ्या सहज कड्यावरून दोरीने झोके घेत नाही. पण झोके दिसतात मात्र अप्रतिम, आणि भावाला नेमका तोच फोटो हवा होता. क्लोई दोरीला लटकून दरी ओलांडतेय, खाली हिरवं जंगल.

त्याने फोटो काढला. पेपरमागून आवाज आला, "उशीर."

दुसऱ्यांदा काढला. "उशीर."

तिसऱ्यांदाही तेच झालं, तसा भाऊ वैतागला. "मग तुम्हीच सांगा ना बाबा, कधी दाबू ते!"

पेपर खाली आला. क्लोई कड्यावर उभी होती. भावाने तिला पळवलं. ती अजून कड्यावरच होती, नुसते गुडघे वाकले होते, तेवढ्यात बाबा म्हणाले, "आता!" भावाने दाबलं. फोटोत क्लोईचे दोन्ही पाय नुकतेच दगडावरून सुटले होते, एक हात पुढे आणि दोरी अजून सैल. बघताना आपल्याच पोटात गोळा येत होता.

मी तेव्हा लॅपटॉपवर काम करत होते. ते बाजूला ठेवलं आणि विचारलं, "कसं कळलं तुम्हाला?"

"उडीचा फोटो उडी दिसल्यावर काढायचा नसतो," बाबा म्हणाले. "गुडघा दिसला की काढायचा."

गुडघ्याकडे बघा

हे वाक्य आमच्या घरात आता सूत्र झालंय. कुठलीही जोरदार हालचाल होण्याआधी शरीर तयारी करतं. उडीआधी गुडघे वाकतात. ठोसा मारण्याआधी खांदा मागे जातो. गोलंदाज चेंडू टाकण्याआधी शेवटची झेप घेतो. कबड्डीत पकड होण्याआधी कोपऱ्यातल्या खेळाडूची टाच उचलली जाते. बाबा सांगतात, रोलमध्ये ३६ फोटो असायचे, प्रत्येकाला पैसे पडायचे, म्हणून मैदानावर बसल्यावर पहिली १० मिनिटं ते फोटोच काढायचे नाहीत. कोण कसा हलतो ते नुसतं बघत बसायचे.

गेममध्ये ही तयारी उलट जास्त ठळक दिसते, कारण ती मुद्दाम घातलेली असते. ॲनिमेशनच्या क्षेत्रात याला 'ॲन्टिसिपेशन' म्हणतात. डिस्नेच्या दोन जुन्या ॲनिमेटर्सनी १९८१ साली लिहिलेल्या पुस्तकात ॲनिमेशनची १२ तत्त्वं सांगितली आहेत, त्यातलं हे एक. गेममध्ये त्याचा आणखी एक उपयोग असतो. समोरचा राक्षस गदा उगारताना थोडा जास्त वेळ घेतो, तो खेळणाऱ्याला बाजूला सरकायची संधी मिळावी म्हणून. तीच संधी फोटो काढणाऱ्यालाही असते. म्हणून एखादा शत्रू आवडला तर त्याला लगेच मारू नका. दोन-तीनदा त्याचा वार चुकवा, त्याची लय पाठ करा आणि मग बटणावर बोट ठेवा.

अंदाज चालण्यासाठी खेळात काहीतरी नियम असावा लागतो, हे बाबांनी एका आठवणीतून सांगितलं. २५ डिसेंबर १९९७ रोजी इंदूरच्या नेहरू स्टेडियमवर भारत आणि श्रीलंकेचा एकदिवसीय सामना होता. खेळपट्टी इतकी धोकादायक निघाली की ३ षटकांत सामना रद्द झाला. बाबा कॅमेरा घेऊन तिथे होते. "चेंडू कुठे उसळणार ते फलंदाजालाच कळत नव्हतं, तर मला काय कळणार? सगळे फोटो वाया गेले," ते म्हणाले. हे सांगताना ते हसत होते. बऱ्याच दिवसांनी त्यांच्या तोंडून मैदानाची गोष्ट निघाली होती, म्हणून मी मध्ये बोलले नाही.

तुम्ही घरात दोघं असाल तर ही युक्ती करून बघा. एकाने खेळायचं, दुसऱ्याने नुसतं बघून "आता!" म्हणायचं. खेळणाऱ्याचं लक्ष जीव वाचवण्यात असतं, बघणाऱ्याचं मोकळं असतं. शिवाय डोळ्यांना दिसलेल्या गोष्टीपेक्षा कानावर पडलेल्या आवाजाला माणूस किंचित लवकर प्रतिसाद देतो. फक्त "आता" म्हणणाऱ्याने समोरच्याच्या बोटाचा उशीर धरून थोडं आधी म्हणायला हवं. आमच्याकडे हे जमायला साधारण आठवडा गेला. त्या आठवड्यात क्लोई किती वेळा दरीत पडली, त्याची गणतीच नाही.

सगळंच रेकॉर्ड केलं तर?

दुसरा उपाय सोपा आहे. पीएस४ मागच्या १५ मिनिटांचा खेळ आपोआप साठवत असतो. निन्टेंडो स्विचवर कॅप्चरचं बटण दाबून धरलं तर बऱ्याच गेममध्ये आधीचे ३० सेकंद मिळतात. फोनवर तर अँड्रॉइड ११ पासून स्क्रीन रेकॉर्डर आतच आलाय आणि आयफोनवर तो २०१७ पासून आहे. म्हणजे भारी काही घडून गेल्यावरही तुम्ही मागे जाऊ शकता, व्हिडिओ एकेक चित्र पुढे सरकवत हवं ते निवडू शकता.

यात दोन अडचणी आहेत. व्हिडिओतून काढलेलं चित्र थेट स्क्रीनशॉटपेक्षा थोडं धुरकट असतं, कारण जागा वाचवायला व्हिडिओ दाबून साठवलेला असतो. जोरात हालचाल असते तिथे हा फरक जास्त जाणवतो, आणि आपल्याला तर तीच हालचाल हवी असते. दुसरी अडचण फोनच्या मेमरीची. तासभराचं रेकॉर्डिंग ठेवलंत तर दुसऱ्या दिवशी घरातल्या ग्रुपवर आलेला पुतणीचा नाचही डाउनलोड होणार नाही.

पण रेकॉर्डिंगचा एक फायदा मला फार मोलाचा वाटतो. एकेक चित्र बघताना असं काही दिसतं, जे आपण कल्पनाही केली नसती. १८७८ साली कॅलिफोर्नियात एडवर्ड मायब्रिज या छायाचित्रकाराने एका पळत्या घोड्याच्या वाटेवर १२ कॅमेरे ओळीने लावले होते. घोडा पुढे गेला की दोरा तुटायचा आणि एकेक फोटो निघायचा. तोवर चित्रकार पळता घोडा काढायचे तो पुढचे पाय पुढे आणि मागचे पाय मागे ताणलेला, हवेत तरंगणारा. फोटोत दिसलं की घोड्याचे चारही पाय जमिनीवरून सुटतात खरे, पण तेव्हा ते ताणलेले नसतात, पोटाखाली गोळा झालेले असतात. सगळ्यात जोराचा क्षण आपल्याला वाटतो तिथे नसतो, हे त्या घोड्याने दाखवलं. तुमच्या गेममधल्या गाडीचं, तलवारीचं, झेपेचंही तसंच असतं. एकदा रेकॉर्डिंग बघून तो क्षण हेरला की पुढच्या वेळी थेट फोटो काढता येतो.

मग निवडायचा कुठला?

आमच्या घरात यावर रोज वाद होतात. भावाला स्फोट हवा असतो, मला चेहरा हवा असतो. बाबांचं म्हणणं ठरलेलं असतं : आदळण्याच्या आधीचा किंवा टोकाचा.

आधीचा का, तर बघणाऱ्याच्या मनात पुढचं चित्र आपोआप तयार होतं. फ्रेंच छायाचित्रकार ऑन्री कार्तिए-ब्रेसाँ याचा १९३२ सालचा एक फोटो जगभर गाजलेला आहे. पॅरिसच्या रेल्वे स्टेशनमागे पाणी साचलंय आणि एक माणूस त्यावरून उडी मारतोय. त्याची टाच पाण्याला टेकायला आलीय, पण टेकलेली नाही. पाणी अजून आरशासारखं शांत आहे. आणखी क्षणभराने हाच फोटो चिखल उडवणाऱ्या एका माणसाचा झाला असता.

टोकाचा का, ते शाळेतल्या विज्ञानात आहे. वर फेकलेला चेंडू सगळ्यात वर पोचतो तेव्हा क्षणभर त्याचा वर जाण्याचा वेग शून्य होतो. झोका टोकाला जातो तेव्हाही तेच. 'स्पायडर-मॅन' जाळ्याला लटकून इमारतींमधून झोके घेतो, तेव्हा त्याची सगळ्यात देखणी आकृती झोक्याच्या टोकाला, एक जाळं सोडून दुसरं टाकायच्या मधे सापडते. तिथे वेळही थोडा जास्त मिळतो.

आणि क्षण निवडताना एक सोपी परीक्षा : पात्र पूर्ण काळं केलं तर ते काय करतंय हे कळेल का? हात-पाय अंगाला चिकटलेले असतील, तलवार शरीराच्या मागे लपली असेल, तर नुसता काळा गठ्ठा दिसेल. हात, पाय, हत्यार सुटं दिसेल तो क्षण घ्या.

जग थांबलं की काय करायचं

हल्ली पुष्कळ गेममध्ये 'फोटो मोड' असतो. 'ग्रॅन टुरिस्मो ४' या शर्यतीच्या गेममध्ये तो २००४ सालीच होता, गेल्या दहा-बारा वर्षांत तो सर्रास झाला. 'द लॉस्ट लेगसी'मध्ये कंट्रोलरच्या दोन्ही दांड्या एकदम दाबल्या की खेळ जागच्या जागी गोठतो आणि कॅमेरा तुमच्या हातात येतो. क्लोई हवेत, गोळी वाटेत, आणि तुम्ही निवांत तिच्याभोवती फिरू शकता.

मी आधी भावाच्या हातात कंट्रोलर देऊन बाबांना नुसतं सांगायला लावायचे. "खाली घे. अजून खाली. अरे, जमिनीला टेकव." एके दिवशी भाऊ पाणी प्यायला उठला आणि कंट्रोलर सोफ्यावर राहिला. परत येऊन बघतो तर बाबांच्या हातात. त्यांचा अंगठा थरथरत होता, कॅमेरा थोडा पुढे जाई, थोडा मागे. पण खेळ गोठलेला होता. क्लोई कुठेही जाणार नव्हती. त्यांनी १० मिनिटं घेतली, आणि एकदाचं मनासारखं झाल्यावर बटण दाबलं. त्या १० मिनिटांत त्यांच्या हाताकडे कुणीच बघितलं नाही. आम्ही सगळे टीव्हीकडे बघत होतो.

फोटो मोडमध्ये त्यांनी आम्हाला शिकवलेल्या गोष्टी अशा :

कॅमेरा खाली न्या. गेमचा नेहमीचा कॅमेरा पात्राच्या मागे, खांद्याच्या वर असतो. तो खेळण्यासाठी सोयीचा आहे, बघण्यासाठी कंटाळवाणा. गुडघ्याच्या उंचीवरून बघितलं की उडी उंच वाटते, शत्रू अंगावर येतो.

जवळ जा आणि दृश्य रुंद करा. 'फील्ड ऑफ व्ह्यू' नावाची पट्टी असते. ती वाढवली आणि कॅमेरा जवळ नेला की पुढचा हात मोठा, मागचं जग लांब दिसतं आणि वेग जाणवतो. उलट शत्रूंची गर्दी दाट दाखवायची असेल तर लांब जाऊन ती पट्टी कमी करा.

पुढे जागा ठेवा. पात्र उजवीकडे पळत असेल तर उजवीकडे मोकळी जागा हवी. नाहीतर ते फोटोच्या चौकटीवर जाऊन आदळेल असं वाटतं.

कॅमेरा तिरका करायचा मोह आवरा. तो थोडाच बरा. भावाने सुरुवातीला काढलेले सगळे फोटो बघताना आईने टीव्हीच्या स्टँडखाली पुठ्ठा घालू का, असं विचारलं होतं.

सगळंच लख्ख नको. १५० च्या वेगाने पळणारी गाडी, चाकांच्या काड्यांसकट, स्वच्छ दिसली तर ती पार्किंगमध्ये उभी वाटते. मैदानावर बाबा शटर मुद्दाम थोडा हळू ठेवून धावणाऱ्याबरोबर कॅमेरा फिरवायचे. माणूस स्पष्ट, मागचं सगळं रेघारेघांचं. याला पॅनिंग म्हणतात. शर्यतीच्या गेमच्या फोटो मोडमध्ये शटरचा वेग बदलता येतो, तिथे हे करून बघा.

उजेड मागून किंवा बाजूने घ्या. २०२० च्या 'घोस्ट ऑफ त्सुशिमा'मध्ये तर फोटो मोडमध्ये दिवसाची वेळ, हवा, वाऱ्याची दिशा, उडणारी पानंसुद्धा बदलता येतात. बाबांनी हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा ते म्हणाले, "आम्ही ढग सरकायची वाट बघत उन्हात बसायचो रे!" मग त्यांनी सूर्य तीनदा उगवून, तीनदा मावळवून बघितला.

फोन असेल तर

तुमच्यापैकी बहुतेक जण फोनवरच खेळत असाल. तिथे फोटो मोड क्वचित मिळतो आणि निम्मा पडदा बटणांनी, नकाशाने, गोळ्यांच्या आकड्यांनी भरलेला असतो. तरीही बरंच काही करता येतं. सेटिंगमध्ये बटणं फिकट करायची सोय असेल तर ती वापरा. क्रिकेट किंवा शर्यतीच्या गेममध्ये रिप्ले येतो, तेव्हा पडदा बराच मोकळा असतो आणि पुढे काय होणार तेही माहीत असतं. म्हणजे १२ चित्रांचा उशीर आपोआप भरून निघतो. नाहीतर रेकॉर्ड करा, चित्र निवडा, कडेची बटणं कापून टाका. कापल्यावर फोटो आडवा न राहता चौकोनी झाला तरी बिघडत नाही.

एक सूचना, विशेषतः आई-बाबांसाठी. ऑनलाइन गेमच्या स्क्रीनशॉटमध्ये इतर खेळाडूंची नावं आणि गप्पा दिसतात. फोटो कुठेही टाकण्याआधी मुलांना तो भाग कापायला किंवा झाकायला शिकवा.

खऱ्या कॅमेऱ्याचा माणूस गेममध्ये

हे सगळं पोरखेळ वाटत असेल तर एक किस्सा सांगते. ॲशली गिल्बर्टसन हा इराक युद्धाचे फोटो काढणारा नावाजलेला छायाचित्रकार. २०१४ साली 'टाइम' मासिकाने त्याला एका गेममध्ये पाठवलं. 'द लास्ट ऑफ अस रीमास्टर्ड' खेळायचा आणि युद्धात काढतो तसे फोटो त्याच्या फोटो मोडमधून काढायचे. त्याने काढले. पण त्याला एक गोष्ट खटकली. जग उद्ध्वस्त झालंय, मरण दाराशी आहे, आणि पात्रांच्या चेहऱ्यावर त्याचा ताणच नाही.

मी हा किस्सा वाचून दाखवला तेव्हा बाबांनी मान डोलावली. गेममधला चेहरा खोटा पडतो तिथे ते कॅमेरा पाठीमागे नेतात आणि गोष्ट खांद्यांना, हातांना सांगू देतात. आमच्या फोल्डरमधले बरेचसे चांगले फोटो पाठमोरे आहेत. त्या फोल्डरला भावाने बाबांच्या जुन्या स्टुडिओचं नाव दिलंय.

कपाटातले कॅमेरे अजून कपाटातच आहेत. ते बाहेर निघाले असं सांगून मला ही गोष्ट गोड करायची नाही. पण गेल्या हिवाळ्यात देवासला मावसबहिणीचं लग्न होतं. मंगलाष्टकं चालली होती आणि मी फोन वर धरून उभी होते. सगळे जण 'सावधान' झाल्यावर, अक्षता उडाल्यावर फोटो काढतात, तसाच मी काढणार होते. बाबा शेजारी उभे होते, हात मागे बांधून. ते बहिणीकडे बघतच नव्हते, अंतरपाट धरणाऱ्या भटजींच्या मनगटाकडे बघत होते. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "आता!"

फोटोत अंतरपाट अर्धा खाली आलाय. अक्षता हातांतून सुटल्यात, पण अजून कुणाच्या डोक्यावर पडलेल्या नाहीत. बहिणीची नजर नुकती वर उचललीय. कोपऱ्यात कुणाचं तरी कोपर आलंय. बाबांनी फोन लांब धरून बघितला आणि म्हणाले, "किंचित उशीर. पण चालेल."

आज रात्री घरात कुणी गेम खेळत असेल तर शेजारी जाऊन बसा. पहिली १० मिनिटं काहीच बोलू नका, नुसतं बघा. मग गुडघा वाकला, खांदा मागे गेला की "आता!" म्हणा. तुम्हाला गेममधलं काही कळत नसलं तरी चालतं. आमच्या आईला अजून क्लोई कोण ते माहीत नाही, पण गेल्या आठवड्यापासून तिचं "आता" भावापेक्षा नेमकं येतंय. दूध उतू जायच्या आधी गॅस बंद करायची सवय आहे, असं ती म्हणते.